उंदरांच्या डोक्याला मार द्यायचं यंत्र: वेट ड्रॉप बनवून घेऊ की सीसीआयसाठी थांबू?

विस्टरवाली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या. मी फार्माकॉलॉजीत पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. विषय ट्रॉमॅटिक ब्रेन इंज्युरी, म्हणजे टीबीआय. डोक्याला मार लागल्यावर मेंदूला जी सूज येते त्यावर एका वनस्पतीच्या अर्काचा काय परिणाम होतो ते विस्टर जातीच्या रॅटमध्ये (लॅबमधला मोठा उंदीर) बघायचंय. हो, परत एक अर्क, हसू नका.

झालं असं की सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे पीएचडीच्या आराखड्यात, आम्ही थाटात लिहून बसलो की मॉडेल कंट्रोल्ड कॉर्टिकल इम्पॅक्टचं, म्हणजे सीसीआय, कारण सगळे चांगले पेपर त्यावरच दिसत होते. आता मशीनचं कोटेशन आलं, परचेस कमिटीने आकडा बघितला आणि चहा प्यायच्या आत फाईल मिटली. सर म्हणतात वेट ड्रॉप कर, एक पाईप, एक वजन, त्यात काय एवढं. म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसीचा पाईप आणला, वजनाला दोरी बांधली आणि घरी गणपतीची उरलेली शाडू माती होती तिच्या गोळ्यावर एक मीटरवरून टाकून बघितलं. दहा वेळा टाकलं, व्हर्नियरने खड्डे मोजले, तर सगळ्यात उथळ ४ मिमी आणि सगळ्यात खोल ७. तेच वजन, तीच उंची, तोच गोळा मळून परत. मग रॅटच्या डोक्यावर काय होणार?

तर विचारायचं हे की घरगुती वेट ड्रॉप रिव्ह्यूअर मान्य करतात का, की सहा महिने थांबून दुसऱ्या कुणाकडे जाऊन सीसीआय वापरू? आणि फ्लुइड पर्कशन म्हणून जे असतं ते नक्की काय, ते इथे बनवता येतं का? एथिक्स कमिटीची परवानगी अजून यायचीय, त्यामुळे अजून एकाही जनावराला हात लावलेला नाही.

लेथमास्तर

ताई, आधी शाडूवर टाकून बघितलंत यासाठी शंभरपैकी शंभर. मी कोल्हापूरला वर्कशॉप चालवतो, दोन कॉलेजना हे असलं यंत्र करून दिलंय, त्यामुळे मेंदूचं मला विचारू नका, पाईपचं विचारा.

तुमच्या खड्ड्यांत फरक का पडतोय ते सांगतो. पहिलं म्हणजे पीव्हीसी. पाईप आतून एकसारखा गोल नसतो, उभा केला की पोटाला वाकतो, वजन भिंतीला घासत खाली येतं, आणि कुठे घासेल ते दर वेळी वेगळं. दुसरं तुमची दोरी, सोडताना हात हलला की वजन तिरकं निघतं. तिसरं म्हणजे पाईपच्या खाली हवा अडकते, वजन बेताच्या फटीचं असेल तर ते पिचकारीच्या दट्ट्यासारखं हवा दाबत येतं. आणि चौथं, जे सगळे विसरतात, वजन उसळून परत पडतं. तुमचे ७ मिमीचे खड्डे एका दणक्याचे नसतील, दोनाचे असतील.

मूळ मॉडेल मार्मारू नावाच्या संशोधकांचं, १९९४ चं, अमेरिकेत व्हर्जिनियातलं. त्यात पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची नळी, आतला व्यास १९ मिमी, पितळी वजन ४५० ग्रॅम, उंची एक किंवा दोन मीटर. रॅटच्या कवटीवर १० मिमी व्यासाची ३ मिमी जाडीची स्टीलची चकती डेंटल अ‍ॅक्रिलिकने चिकटवायची, म्हणजे मार पसरतो आणि हाड फुटत नाही, आणि रॅट फोमच्या गादीवर पालथा. आमच्याकडे १८ मिमीचा पितळी बार घेतला, साधारण २१ सेंटीमीटर लांब कापला की साडेचारशे ग्रॅम भरतो, थोडा जास्त ठेवायचा आणि लेथवर घेत घेत काट्यावर जुळवायचा. किराणा दुकानातलं वजन नको, त्याला कड असते. नळीला शेवटच्या वीतभरात भोकं पाडा हवेसाठी. उभी करताना गवंड्याचा ओळंबा लावा, डोळ्याने सरळ दिसलेली दोन मीटरची नळी सरळ नसते. सोडायला खिट्टी ठेवा, ओढली की सुटतं. एका कॉलेजने इलेक्ट्रोमॅग्नेट पाहिजे म्हणून हट्ट धरला, मोठ्या हौसेने आणला आणि मग लक्षात आलं की पितळ चिकटतच नाही, शेवटी वरून लोखंडी बोल्ट बसवून दिला.

आता मोजायचं कसं. दोन मीटरवरून पडलेल्या वस्तूचा वेग खाली येईपर्यंत सेकंदाला ६.२६ मीटर व्हायला पाहिजे, ऊर्जा ८.८ जूल. मोबाईलचा स्लो मोशन २४० फ्रेमचा लावा, नळीला मागून पट्टी चिकटवा, शेवटी शेवटी एका फ्रेमला वजन साधारण २.६ सेंटीमीटर उतरलं पाहिजे. आमची पहिली नळी २.३ च्या आसपास दाखवत होती. म्हणाल तीन मिमीचं काय घेऊन बसलाय, पण वेग दहा टक्के कमी म्हणजे ऊर्जा एकोणीस टक्के कमी, वर्ग असतो ना त्यात. नळी आतून स्पिरिटने पुसली, वजनाला पॉलिश मारलं तेव्हा २.५ वर आली. पेपरमध्ये लोक नुसतं ४५० ग्रॅम दोन मीटर लिहितात, तुम्ही मोजलेला वेग लिहा, रिव्ह्यूअर बोलणार नाही.

मिशिगनकर

लेथमास्तरांनी अर्धं काम केलंच आहे, मी उरलेल्या दोन यंत्रांचं सांगतो कारण पोस्टडॉकची चार वर्षं त्यातच गेली. गंमत म्हणजे सीसीआयचा जन्म इथलाच, १९८८ साली जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात, कारवाले ते, त्यांना अपघातात मेंदूचं काय होतं हे बघायचं होतं आणि सुरुवात फेरेटवर केली, रॅटवर १९९१ मध्ये आलं.

सीसीआयमध्ये जनावराचं डोकं स्टिरिओटॅक्सिक फ्रेममध्ये पक्कं, कवटीला गोल खिडकी पाडायची, खालचं ड्युरा म्हणजे मेंदूवरचं आवरण शाबूत ठेवायचं, आणि मग हवेच्या दाबावर किंवा इलेक्ट्रोमॅग्नेटवर चालणारा दट्ट्या ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या खोलीपर्यंत, ठरलेले मिलिसेकंद आत जाऊन बाहेर येतो. ऐकायला एकदम गणित. पण ठरलेली खोली मोजायची कुठून? टोक ड्युराला नेमकं टेकलं तो शून्य. माईसमध्ये, म्हणजे रॅटपेक्षा छोट्या उंदरांत, कॉर्टेक्सची म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी जेमतेम मिलिमीटरभर, आपण मारतो पण साधारण तेवढंच, तर शून्य ठरवण्यात मिमीच्या पाचव्या भागाची चूक झाली की वीस टक्के गेले. ते टोक मायक्रोस्कोपखाली खाली आणत आणत ड्युरावरच्या ओलाव्याची चकाकी तुटते तो क्षण पकडायचा असतो. आमच्याकडे एक जण टेकवायचा आणि एक जण दाबायचा, आणि आम्हा दोघांच्या शून्यात फरक होता हे स्लाईड बघून कळलं, तोपर्यंत चोवीस माईस झाले होते. महागडं मशीन होतं बरं का.

फ्लुइड पर्कशन मला जास्त आवडतं, त्यातली चूक निदान दिसते तरी. आडवं पारदर्शक सिलिंडर, पाण्याने गच्च भरलेलं, एका टोकाला दट्ट्या, दुसऱ्या टोकाला ल्युअर लॉकची नळी जी रॅटच्या कवटीवर चिकटवलेल्या हबला जोडायची. लंबक सोडायचा, तो दट्ट्यावर आपटतो, पाण्यातून दाबाची लाट निघते आणि ड्युरावर धडकते, सगळा खेळ साधारण वीस मिलिसेकंदांचा. दाब ट्रान्सड्यूसर मोजतो, मध्यम मार म्हणजे दोन अ‍ॅटमॉस्फिअरच्या आसपास. लंबक आणि दट्ट्याचं काम लेथमास्तर झोपेत करतील. यातल्या वैऱ्याचं नाव बुडबुडा. पाणी भरताना एक बारीकसा जरी आत राहिला तरी तो उशीसारखा दबतो, लाट बसते. स्क्रीनवर छान गुळगुळीत टेकडी यायला पाहिजे तिथे खांदा पडलेला, दातेरी काहीतरी येतं. माझा पहिला हिवाळा त्या बुडबुड्यात गेला. आदल्या रात्री पाणी उकळून गार करायचं, सिलिंडर तिरकं करून टिचक्या मारत बुडबुडे वरच्या तोटीकडे हाकायचे, ओ रिंगला व्हॅसलीन, आणि सकाळी पहिले दहा-बारा दणके बंद नळीवर नुसते मारून लाट तपासायची, मगच जनावर टेबलवर. एवढं करून एकदा दुपारी लाट अचानक बिघडली, दोन तास शोधतोय, तर कुणीतरी दुपारचं पाणी बदललं होतं, थेट नळाचं.

म्हणजे सांगायचं एवढंच की तिन्ही यंत्रांना आपापला बुडबुडा आहे, पैसे देऊन तो दुसरीकडे सरकवता येतो, घालवता येत नाही. ताई, तुम्हाला सूज मोजायचीय ना? कशी मोजणार, ओला-सुका वजनाने?

विस्टरवाली

दादा दोघांचेही खूप आभार, प्रिंट काढून सरांच्या टेबलवर ठेवलंय. हो, मेंदू काढून लगेच वजन, मग ओव्हनमध्ये चोवीस तास ठेवून परत वजन, त्यावरून पाण्याची टक्केवारी.

मिशिगनकर

मग हे बघा. रॅटच्या निरोगी मेंदूत आधीच ७८-७९ टक्के पाणी असतं, सूज आली की ते एक-दोन टक्क्यांनी वर जातं, बस. तुमचा अर्क त्यातला अर्धा टक्का खाली आणेल तर तुम्ही पेढे वाटाल. आणि दणका जर जनावरागणिक वीस टक्के हलत असेल तर तो अर्धा टक्का तुम्हाला कधीच दिसणार नाही, आणि दिसला तर मी विश्वास ठेवणार नाही. म्हणून यंत्र कुठलं यापेक्षा शाडूवरचे तुमचे दहा खड्डे किती जवळजवळ येतात ते आधी बघा.

आणि भूल कशाची? केटामाईन असेल तर थांबा. केटामाईन एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे मेंदूच्या पेशींवरचा संदेश घेणारा एक दरवाजा, तो अडवतं, आणि मार लागल्यावर मेंदूच्या पेशी मरतात त्यातला एक मोठा रस्ता तोच आहे. म्हणजे अर्क द्यायच्या आधीच सगळ्या गटांना थोडं औषध पोचलं. आयसोफ्लुरेनही अगदी कोरं नाही पण वेळ नेमका सांभाळता येतो. अंग गार पडू देऊ नका, भुलेत रॅटचं तापमान घसरतं आणि थंड मेंदू कमी बिघडतो, खाली हीटिंग पॅड आणि गुदद्वारात प्रोब सगळ्यांना सारखा. शॅम गटाला, म्हणजे बाकी सगळं करून फक्त दणका न दिलेल्या गटाला, पण तेवढाच वेळ भूल.

वॉर्ड_सात

न्यूरोसर्जरीचा रेसिडेंट आहे, नाईट संपवून वाचतोय, थोडं कडू लिहिलं तर माफ करा. माझ्याकडे रोज येतात ते टू व्हीलरवरून पडलेले, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. डोकं फिरलेलं असतं, गरकन, डिव्हायडरला लागायच्या आधीच. सीटीवर फार काही दिसत नाही आणि माणूस शुद्धीवर येत नाही. त्याला डिफ्यूज अ‍ॅक्सोनल इंज्युरी म्हणतो आम्ही, मेंदूतल्या लांब तारा ताणून तुटतात. तुमच्या सीसीआयमध्ये डोकं फ्रेममध्ये घट्ट आवळलेलं, वरून भोक पाडून ठोकलेलं, असा पेशंट मला आजवर मिळालेला नाही. जवळचं म्हणाल तर कवटी दबून आत घुसलेला, तो शंभरात थोडकाच.

आणि औषधांचं काय झालं ते माहितीये ना. स्टेरॉइड आम्ही वर्षानुवर्षं देत होतो, २००४ मध्ये क्रॅश ट्रायल आली, १०,००८ पेशंट, दोन आठवड्यांत स्टेरॉइडवाल्यांत २१.१ टक्के गेले आणि प्लासिबोवाल्यांत १७.९. म्हणजे आम्ही मारत होतो. मग प्रोजेस्टेरॉन, रॅटमध्ये काय सुंदर ग्राफ होते, २०१४ ला दोन मोठ्या ट्रायल एकदमच आल्या, दोन्ही फुस्स. तेव्हा उंदरात सूज कमी झाली हे वाचून मी आता पान उलटतो.

मिशिगनकर

डॉक्टर, राग बरोबर आहे पण तो यंत्रावर काढू नका. गरकन फिरण्याचं म्हणाल तर ते १९४३ सालीच होलबोर्नने जिलेटिनचा मेंदू करून दाखवलं होतं, सरळ धक्क्यापेक्षा फिरणं वाईट. अडचण आकाराची आहे. माणसाचा मेंदू चौदाशे ग्रॅम, रॅटचा दोन. तेवढाच ताण आणायचा तर छोट्या मेंदूला कितीतरी जोरात फिरवावं लागतं, वस्तुमानाच्या गुणोत्तराचा दोन तृतीयांश घात घेतला तर रॅटला माणसाच्या सुमारे ऐंशी पट कोनीय त्वरण द्यायला लागेल. डुकराचा मेंदू ऐंशी-नव्वद ग्रॅम, त्याला सहापट पुरतं आणि त्याला आपल्यासारख्या वळ्याही असतात, म्हणून पेनसिल्व्हेनियाचे लोक डुकरांवर गेले. उंदरांसाठी २०१४ मध्ये व्हँकुव्हरच्या लोकांनी किमेरा नावाचं काढलं, त्यात डोकं मोकळं असतं, दट्ट्या बसला की मान फिरते, कवटीला भोक नाही. वेन स्टेटवाल्यांनी त्याहून साधं केलं, माईस अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलवर झोपवतात, फॉइलला आधीच चीर, वजन डोक्यावर पडलं की फॉइल फाटतं आणि माईस खालच्या स्पंजवर उलटा पडतो. पोळ्या गुंडाळतो त्या फॉइलवर विज्ञान चाललंय.

आणि एकाच मॉडेलवर विसंबायचं नाही हे लोकांना कळलंय. अमेरिकेत सैन्याच्या पैशावर एक मोठा प्रकल्प झाला त्यात तेच औषध तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या यंत्रांवर तपासलं, फ्लुइड पर्कशन, सीसीआय आणि गोळी घुसल्यासारखी इजा करणारं एक. बरीचशी औषधं तिथेच गळली. आधी गळाली असती तर तुमचे पेशंट वाचले असते, इतकंच म्हणतो.

वॉर्ड_सात

हे मान्य. फॉइलचं आवडलं.

गुरांचे_डॉक्टर

सर्वांचं वाचलं. मी व्हेटर्नरी डॉक्टर, दोन संस्थांच्या एथिक्स कमिटीवर बसतो, त्यामुळे ताईंचा फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, माझ्यासारख्याच कुणापुढे येणार आहे. यंत्र घरी बनवलंय याचं आम्हाला काही नाही. आम्ही विचारणार ते हे: मार बसल्यावर श्वास थांबला तर काय करणार? मार्मारूंच्या दोन मीटरच्या दणक्याला व्हेंटिलेटर नसताना ४४ टक्के रॅट मेले होते, मेंदू बिघडल्याने कमी आणि श्वास थांबल्याने जास्त. एक मीटरवरून टाकलं तेव्हा एकही नाही. तुम्हाला सूजच बघायचीय तर दोन मीटरचा आग्रह कशाला? व्हेंटिलेटर आहे का? नसेल तर निदान हाताने दाबून श्वास द्यायच्या अँबू बॅगसारखं काही आणि ऑक्सिजन हाताशी ठेवा. वेदनाशामक काय, कधी, आणि ते सूजेच्या मोजणीत लुडबूड करतंय का. किती वजन घटलं, किती वेळ पाणी प्यायलं नाही की जनावर यातनेतून सोडवणार, तो आकडा आधी लिहा, नंतर सुचत नाही.

आणि आम्ही इतके खवचट का त्याला इतिहास आहे. फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डोक्याच्या इजेच्या लॅबमध्ये माकडांच्या डोक्याला हेल्मेट सिमेंटने बसवून, न आपटता नुसतं झटक्यात फिरवायचं यंत्र होतं. डिफ्यूज अ‍ॅक्सोनल इंज्युरी जी वर डॉक्टर म्हणाले ती नुसत्या फिरण्याने होते हे १९८२ मध्ये तिथूनच पक्कं झालं, काम खरंच मोठं. पण मे १९८४ मध्ये प्राणीहक्कवाले लॅबमध्ये घुसले आणि संशोधकांनीच काढलेल्या साठेक तासांच्या टेप घेऊन गेले. टेपमध्ये बबून अर्धवट भुलेत, हेल्मेट हातोडीने ठोकून काढताहेत, जखमी जनावराकडे बघून हसताहेत. १९८५ च्या जुलैत सरकारने पैसे थांबवले, लॅब बंद, आणि त्याच वर्षी अमेरिकेत कायदा कडक होऊन संस्थांना प्राण्यांसाठीची कमिटी सक्तीची झाली. यंत्र वाईट नव्हतं हो. टेपमध्ये यंत्राला कुणी नावं ठेवली नाहीत.

आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली कमिटी आहे, सरकारचा माणूस तिच्यात बसतो. त्याला घाबरू नका, शाडूचे खड्डे दाखवा. खरंच दाखवा, मी असतो तर खूश झालो असतो.

विस्टरवाली

अपडेट देते, उशीर झाला त्याबद्दल सॉरी. सरांनी आधी ऐकलं नाही मग ऐकलं. सिनॉप्सिसमध्ये बदलाचा अर्ज टाकला, सीसीआय काढून मार्मारूंचं वेट ड्रॉप, उंची एक मीटर. अ‍ॅक्रिलिकची नळी मागवली, पितळी बार गावातल्याच एका लेथवाल्याकडून करून घेतला, लेथमास्तर दादा रागावू नका, कोल्हापूर लांब पडतं. ओळंबा लावला तर कळलं आमच्या लॅबची भिंतच ओळंब्यात नाहीये, आणि नळी मी भिंतीला टेकवून उभी केली होती. आता अँगलचा वेगळा स्टँड.

शाडूवर परत दहा. सगळ्यात उथळ ५.१, सगळ्यात खोल ५.६. त्यात दोन खड्डे बाजूला काढले कारण स्लो मोशनमध्ये वजन उसळून परत पडताना स्पष्ट दिसलं. वीतभर उसळतं आणि अर्धा सेकंद व्हायच्या आत परत येतं, तेवढ्यात मी फोम ओढते, दहातले दोनदा हात कमी पडला. जनावराच्या वेळी असं चालणार नाही. यावर काही आहे का?

आणि फोम कुठला घ्यायचा? गादीवाल्याने तीन दाखवले, तिन्ही दाबून सारखेच वाटले.

लेथमास्तर

रागावलो नाही, ५.१ ते ५.६ म्हणजे त्या लेथवाल्याचा हात चांगला आहे. दुसऱ्या दणक्यासाठी असं करा. नळीच्या तोंडापासून तीन सेंटीमीटर वर आडवं भोक, त्यात हलक्या स्प्रिंगची पिन, वजनाचं खालचं टोक थोडं निमुळतं करा. वजन खाली जाताना पिनला बाजूला ढकलून जातं, दणका बसतो, उसळून टोक पिनच्या वर गेलं की पिन आत येते आणि वजन पिनेवर बसतं. स्प्रिंग बॉलपेनातली घ्या, त्याहून कडक नको, घासून वेग जाईल. लावल्यावर व्हिडिओ परत मोजा, एक मीटरला सेकंदाला ४.४ पाहिजे. आणि फोम ओढायची सवय मोडू नका, पिन एखादवेळी अडकते.

फोम दाबून कळत नाही. तिन्हीचे सारखे तुकडे कापा, वर तीच पाचशे ग्रॅमची वस्तू ठेवून किती दबतो ते पट्टीने मोजा, आणि जो घ्याल त्याचा एकाच वेळी सगळ्या प्रयोगाला पुरेल एवढा घ्या, तोच लॉट. वीसेक दणक्यांनंतर परत दाबून बघा, फोम बसतो. बसला की तुकडा बदला आणि वहीत तारीख टाका.